‘डोळ्याला डोळा’ म्हणजे सुडाची परवानगी?

‘बायबलातच लिहिलंय, डोळ्याच्या बदल्यात डोळा’ हा फॉरवर्ड नेहमी फिरतो. शेताच्या धुऱ्याच्या (हद्दीच्या) भांडणात आमच्या गावची पोरंही तो पुढं करतात. शब्द खरेच आहेत, बायबलातल्या निर्गम या पुस्तकात, 21:24 मध्ये (अध्याय 21, वचन 24) सापडतात. गैरसमज होणं साहजिक आहे.

पण आधी बायबलातलंच उत्पत्ती हे पुस्तक, 4:23-24 काढा. जखमेपायी माणूस मारला, माझा सूड सत्त्याहत्तर पट, अशी बढाई तिथं लामेख नावाचा माणूस मारतो. अशा जगात ‘एका डोळ्याला एकच’ हा सुडाला घातलेला बांध ठरतो. शिवाय नियम निवाड्याचा आहे; बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात तो न्यायाधीशांपुढच्या खटल्यात येतो. आणि निर्गमात दोनच वचनं खाली पाहा: मालकानं दासाचा डोळा फोडला, तर मालकाचा डोळा काढत नाहीत, दासाला मोकळं करतात.

मत्तय 5:38-39 मध्ये येशू हेच वाक्य उच्चारून बदला नाकारतो. 18:22 मध्ये क्षमा किती वेळा, तर साताच्या सत्तर वेळा. (काही भाषांतरांत सत्त्याहत्तर. लामेख आठवला?)

रविवारच्या वर्गात ही पानं मी पोरांनाच उघडायला लावतो. एकानं विचारलं, मग धुरा सरकवला तर मोजणीचा अर्जही करायचा नाही का? करायचा की. कुऱ्हाड तेवढी घरी ठेवायची.