गीतकाराचे गायक होणे (पॉप संगीत)

इतरांसाठी गाणी रचणारा गीतकार पुढे तीच किंवा नवी गाणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करतो आणि मंचावर येतो, ते स्थित्यंतर. गीतकार म्हणजे येथे शब्द, चाल किंवा दोन्ही रचणारा. अमेरिकेत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही कामे बहुधा वेगवेगळ्या माणसांकडे असत. प्रकाशन कंपनी गीतकारांना उचल देऊन बांधून घेई आणि त्यांची गाणी घेऊन ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या निर्मात्यांकडे फिरे. निर्माता त्यांतले पसंत पडेल ते आपल्या गायकाकडून गाऊन घेई. १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत पोहोचले आणि आपली गाणी आपणच लिहिणारे गट हा पायंडा झाला, तशी बाहेरच्या गाण्यांची मागणी आटत गेली. गंमत अशी की, याच बीटल्सनी १९६३ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये गॉफिन–किंग या गीतकार जोडीचे 'चेन्स' गायले होते. अनेक गीतकार मायक्रोफोनसमोर आले ते हौसेने नव्हे, तर धंद्याचे गणित बदलले म्हणून.

डेमो : या स्थित्यंतराचे मूळ डेमोत असते. डेमो म्हणजे गाणे विकण्यासाठी केलेले नमुना ध्वनिमुद्रण : एक पियानो किंवा गिटार, एक आवाज, फार तर बास आणि ठेका. निर्मात्याकडे असे नमुने ढिगाने येतात, म्हणून पहिल्या मिनिटाच्या आत ध्रुवपद ऐकू आले पाहिजे, शब्द स्पष्ट हवेत आणि गायकाला जागा दिसेल इतपत सजावट मोकळी हवी. डेमो फार भरगच्च केला की निर्मात्याला त्यात करण्यासारखे काही उरत नाही. फार कोरडा ठेवला तर चाल मनात भरत नाही. वर्षानुवर्षे हे करणारा गीतकार नकळत एक गोष्ट शिकतो : आवाज सामान्य असला तरी गाण्यातला नेमका शब्द कुठे टेकवायचा.

कधी कधी डेमोच बाजारात येतो. 'द लोको-मोशन' (१९६२) चा नमुना गॉफिन–किंग यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या लिटल इव्हाने गायला होता. तिच्याच आवाजात ते प्रसिद्ध झाले आणि बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. डायॉन वॉरविकही बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड या गीतकार जोडीचे डेमो गात असे. १९६२ पासून ती त्यांची प्रमुख गायिका झाली. 'टायटेनियम' (२०११) मध्ये ऐकू येणारा गीतकार-गायिका सियाचा आवाज मुळात दुसऱ्या गायिकेला गाणे दाखवण्यासाठी दिलेला होता. गाण्याचा निर्माता डेव्हिड गेटा याने तोच ठेवला.

कॅरोल किंग : या वाटेचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण. जन्म ९ फेब्रुवारी १९४२, न्यूयॉर्क. मूळ नाव कॅरोल क्लाइन. क्वीन्स कॉलेजात असताना गेरी गॉफिनशी गाठ पडली. १९५९ मध्ये, सतराव्या वर्षी, तिने त्याच्याशी लग्न केले. तो शब्द लिही, ती चाल बांधे. डॉन कर्शनर आणि अल नेव्हिन्स यांच्या ऑल्डन म्युझिक या प्रकाशन कंपनीत, पियानो कसाबसा मावेल अशा खोल्यांत हे काम चाले. या साऱ्या मंडळींना सरसकट 'ब्रिल बिल्डिंग'ची मंडळी म्हणतात. प्रत्यक्षात ब्रिल बिल्डिंग ही संगीत-प्रकाशकांच्या कचेऱ्यांची न्यूयॉर्कमधली इमारत १६१९ ब्रॉडवेला आणि ऑल्डनची कचेरी १६५० ब्रॉडवेला होती.

शिरेल्स या गटाने गायलेले 'विल यू लव्ह मी टुमॉरो' जानेवारी १९६१ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच्या तंतुवाद्यांची रचनाही किंगचीच. गाण्याचे सगळे अवयव हाताखालून घालण्याची ही सवय तिला पुढे उपयोगी पडली. १९६२ मध्ये बॉबी व्ही या गायकासाठी केलेला 'इट माइट अ‍ॅज वेल रेन अंटिल सप्टेंबर' हा डेमो तिच्याच नावाने निघाला आणि अमेरिकेत २२ व्या, ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. तरी त्या यशातून गायिकेची कारकीर्द उभी राहिली नाही. पाठोपाठ देण्याजोगी तिच्या आवाजातली गाणी नव्हती, मंचाची सवय नव्हती, आणि प्रकाशकाला ती खोलीत बसून लिहीत राहणेच जास्त फायद्याचे होते.

१९६८ मध्ये घटस्फोट झाला आणि ती लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅनियन भागात आली. चार्ल्स लार्की (बास) आणि डॅनी कॉर्चमार (गिटार) यांच्यासह 'द सिटी' या गटाचा एक अल्बम निघाला. किंगच्या मंचभीतीमुळे त्याचे दौरे झाले नाहीत, आणि दौऱ्यांविना तो खपला नाही. 'रायटर' (१९७०) या पहिल्या एकल अल्बमचीही फारशी दखल घेतली गेली नाही. गायक-गीतकार जेम्स टेलरच्या साथीदारांत पियानो वाजवता वाजवता, त्याच्या आग्रहाने ती मंचावर एखादे गाणे स्वतः म्हणू लागली. कोंडी फुटली ती इथे. कार्यक्रम दुसऱ्याचा, हात पियानोवर, जबाबदारी एका गाण्यापुरती.

तिचा पुढचा अल्बम 'टॅपेस्ट्री' जानेवारी १९७१ मध्ये हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि १० फेब्रुवारीला बाजारात आला. निर्माता लू ॲडलर याला तिच्या डेमोंचीच गोडी हवी होती. म्हणून पियानो आणि आवाज पुढे, बाकी वाद्ये मागे. 'विल यू लव्ह मी टुमॉरो' तिने येथे बरेच संथ घेतले. शिरेल्सच्या उड्या मारत्या ठेक्यात जो प्रश्न लाडिक वाटतो, तो संथ लयीत खरोखर विचारलेला वाटतो. मागे जेम्स टेलर आणि जोनी मिचेल यांचे आवाज आहेत. अल्बम अमेरिकेत सलग १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि १९७२ च्या ग्रॅमी समारंभात किंगला चार पुरस्कार मिळाले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने १९९० मध्ये तिला गॉफिनसह घेतले ते गीतकार म्हणून. गायिका म्हणून स्वतंत्र प्रवेश मिळायला २०२१ उजाडले.

पट्टी आणि आवाका : दुसऱ्यासाठी बांधलेल्या चालीत पहिली अडचण पट्टीची येते. गीतकार चाल बांधतो ती कमावलेल्या गळ्याच्या गायकाला समोर ठेवून. तिचा आवाका सहज दीड सप्तकाचा असतो. नमुना गाताना वरचा सूर एकदा लागला की भागते, न लागल्यास तेवढा तुकडा पुन्हा घेऊन जोडता येतो. दौऱ्यावर मात्र तोच सूर रोज, कार्यक्रमाच्या अखेरीस, दमलेल्या गळ्याने लावावा लागतो. म्हणून पट्टी ठरवताना गाणे ताज्या गळ्याने न म्हणता तासभर गाऊन झाल्यावर म्हणून पाहतात. ध्रुवपदातला सर्वांत वरचा सूर तीन वेळा लागोपाठ ताण न देता लागला, तर पट्टी ठीक. नाहीतर अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली उतरायचे.

दोन-तीन अर्धसूर खाली आले की दुसरी भानगड सुरू होते : कडव्याचे खालचे सूर पुटपुटल्यासारखे होतात आणि शब्द वाद्यांत बुडतात. अशा वेळी पट्टी आणखी हलवण्यात अर्थ नसतो. कडव्याची चालच दोन-तीन ठिकाणी वर वळवावी लागते. चाल स्वतःची असल्याने हा अधिकार गीतकाराला आहे, पण जुन्या चालीच्या मायेने तो बरेचदा वापरला जात नाही. पियानोवरही फरक पडतो. डाव्या हाताचे दाटीचे कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) खाली सरकले की आवाज गढूळ होतो, म्हणून तळाशी फक्त सप्तक किंवा पंचम ठेवून मधला सूर उजव्या हाताकडे देतात. गिटारवर कापोने (दांडीवर तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) पट्टी फक्त वर चढते. उतरवायची तर तारा खाली लावाव्या लागतात, नाहीतर बोटांची ठेवणच बदलावी लागते.

श्वासाचेही तसेच. बसून, अर्ध्या आवाजात रचलेली ओळ पूर्ण आवाजात एका श्वासात मावत नाही. ओळीतले एखादे उगीचचे अव्यय काढले की बहुतेक वेळा काम होते.

मंच : दीड तासाच्या कार्यक्रमाला सोळा ते वीस गाणी लागतात. गीतकाराच्या नावावर प्रसिद्ध गाणी भरपूर असली तरी श्रोत्यांच्या कानात ती दुसऱ्याच्या आवाजात बसलेली असतात. ती गायकाच्या नकलेने म्हटली तर तुलना होते आणि गीतकार हरतो. लय, पट्टी किंवा साथसंगत उघडपणे बदललेली असेल तर श्रोते नवे गाणे म्हणून ऐकतात. पियानोवर बसून गाणाऱ्याची आणखी एक नेहमीची चूक आहे. तो बोटांकडे पाहायला मान खाली घालतो आणि तोंड मायक्रोफोनपासून वीतभर दूर जाते. ध्वनितंत्रज्ञ मग आवाज चढवतो, आणि मायक्रोफोन पियानोही उचलू लागतो किंवा शिट्टी वाजते. उपाय म्हणजे मायक्रोफोनचा आडवा दांडा किबोर्डच्या वरून घेऊन तो तोंडाशी किंचित खाली लावणे आणि अवघड जागा न पाहता वाजतील इतका सराव करणे. शब्द विसरण्याचा प्रकारही गीतकारांत निराळा असतो. त्यांना ओळ आठवत नाही असे नसते. खोडलेली, जुन्या मसुद्यातली ओळच आधी ओठांवर येते.

पैसा आणि करार : अमेरिकेत रेडिओवर गाणे वाजले की गीतकार आणि प्रकाशक यांना रॉयल्टी मिळते (ॲस्कॅप, बीएमआय या संस्थांमार्फत), पण लहरींवरून चालणारी रेडिओ केंद्रे गायकाला काही देत नाहीत. स्वतःचे गाणे गाणाऱ्याला त्यामुळे तीच गाणी गाणाऱ्या निव्वळ गायकापेक्षा एक वाटा जास्त असतो. ध्वनिमुद्रणाच्या विकलेल्या प्रतींवरची गीतकाराची रॉयल्टी कायद्याने ठरते. १९०९ पासून १९७७ पर्यंत ती दर गाण्यामागे २ सेंट होती. २०२३ मध्ये पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला १२ सेंट झाली.

ध्वनिमुद्रण करारातले एक कलम मात्र नव्या गायक-गीतकाराला हमखास नडते. गायकाने स्वतः लिहिलेल्या गाण्यांना कायदेशीर दराच्या ७५ टक्केच द्यायचे, आणि तेही अल्बमवर कितीही गाणी असोत, फक्त दहांचे, असे ते असते. बारा गाण्यांच्या तबकडीचा १२ सेंटने पूर्ण हिशेब १४४ सेंट होतो. या कलमाने ९० सेंट. त्यातली दोन गाणी बाहेरच्यांची असतील आणि त्यांनी पूर्ण दर मागितला, तर २४ सेंट त्याच ९० मधून जातात आणि स्वतःच्या दहा गाण्यांना प्रत्येकी ६.६ सेंट उरतात. दुसरे पाहायचे ते एकत्र वसुलीचे कलम. प्रकाशन आणि ध्वनिमुद्रण एकाच समूहाकडे असेल, तर न खपलेल्या अल्बमची उचल गीतकाराच्या रॉयल्टीतून कापली जाऊ शकते. म्हणजे गाण्याचा तोटा लेखणीने भरायचा.

जुनी गाणी गाण्याला मात्र अडसर नसतो. गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणाला हक्कधारकाची परवानगी लागते. ते एकदा प्रसिद्ध झाले की ठरलेला दर भरून कोणीही ते पुन्हा ध्वनिमुद्रित करू शकतो. प्रकाशनाचे हक्क केव्हाच दुसऱ्याकडे गेलेले गीतकारही आपले गाणे याच तरतुदीने गातात.

इतर वाटा : नील डायमंडने मंकीज गटाला 'आय'म अ बिलिव्हर' (१९६६) दिले त्याच वर्षी त्याची स्वतःची गाणीही गाजू लागली होती. नी-योने मारिओ या गायकासाठी लिहिलेले 'लेट मी लव्ह यू' २००५ मध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, आणि पुढच्याच वर्षी त्याचा पहिला अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर आला. दोन्ही कामे लागोपाठ केल्याचा फायदा त्याला मिळाला. ब्रूनो मार्स दुसऱ्याच्या गाण्यात ध्रुवपद गाऊन (बी.ओ.बी.चे 'नथिन' ऑन यू', २०१०) लोकांपुढे आला. आजही सर्वांत कमी जोखमीची वाट हीच : खर्च दुसऱ्याचा, आवाजाची ओळख आपली. उलट जिमी वेब. गायक ग्लेन कॅम्पबेलने त्याची गाणी घरोघरी नेली, पण वेबचे स्वतःचे अल्बम जाणकारांपलीकडे फारसे गेले नाहीत. चाली त्याच होत्या. त्या मोठ्या आवाक्याच्या, मोठ्या वाद्यवृंदाच्या होत्या आणि त्याचा गळा तेवढा मोठा नव्हता.

यशस्वी स्थित्यंतराचा फटका लेखनाच्या धंद्याला बसतो. निर्माता गाणे पसंत पडले की ते 'होल्ड'वर ठेवतो. तोवर ते दुसऱ्या कोणाला द्यायचे नाही असा संकेत असतो. गीतकार स्वतः गाऊ लागला की उत्तम गाणी तो स्वतःसाठी राखून ठेवणार हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि त्याच्या डेमोकडे उरलासुरला माल म्हणून पाहिले जाते. सियाने २०१६ मध्ये याच्या उलट केले : 'धिस इज ॲक्टिंग' हा तिचा अल्बम बहुतांशी इतर गायकांसाठी लिहिलेल्या आणि त्यांनी न घेतलेल्या गाण्यांचा आहे.