त्रिवेणींच्या कादंबऱ्या आणि कल्पना

संकेश्वर म्हटलं की कोल्हापूरकडच्या माणसाला आधी मिरची आठवते. कन्नड सिनेमा जवळून पाहिलेल्या माणसाला दुसरंच काहीतरी आठवतं. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर निपाणी मागे टाकली की पुढे संकेश्वर लागतं. त्याच्याजवळच्या गोटूरच्या सरकारी विश्रामगृहात मे १९७९मध्ये अभिनेत्री कल्पना यांचा मृत्यू झाला. वय अवघं ३५.

कल्पनांविषयी बोलायला बसलेला माणूस बहुधा या विश्रामगृहापासूनच सुरुवात करतो. मीही तेच केलं. पण त्या मृत्यूभोवती साचलेल्या अफवांत मला फारसा रस नाही. प्रश्न वेगळा आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यात जन्मलेली आणि सिनेमात शिखरावर पोचलेली ही नटी महाराष्ट्राच्या वेशीवर, ऐन मे महिन्यात काय करत होती? त्याचं उत्तर द्यायचं तर मागे जावं लागतं, आणि तेही एका लेखिकेपाशी.

त्या लेखिकेचं नाव अनसूया शंकर, पण कन्नड वाचक त्यांना ‘त्रिवेणी’ म्हणून ओळखतात. मानसशास्त्र शिकलेल्या त्रिवेणींनी घरातल्या बायकांच्या मनात काय चाललंय ते कथा-कादंबऱ्यांत मांडलं. बाळंतपणानंतर मन बिघडलेली बाई, मालमत्तेसाठी पसंत केलेली मुलगी, आयुष्य नव्याने सुरू करू पाहणारी विधवा हे त्यांचे विषय. बाळंतपणानंतर काही दिवसांतच, १९६३मध्ये, त्या गेल्या. तेव्हा त्या ३४ वर्षांच्या होत्या.

त्याच १९६३ साली शरत्‌लता नावाची मुलगी बी. आर. पंतुलू यांच्या ‘साकु मगळु’मधून ‘कल्पना’ या नावाने पडद्यावर आली. लेखिका गेली आणि नटी आली, तेही एकाच वर्षी. निव्वळ योगायोग, पण पुढचं पाहिलं की तो मनातून जात नाही.

पंतुलूंकडे सहायक म्हणून तयार झालेले एस. आर. पुट्टण्णा कणगाल यांनी आपल्या पहिल्या कन्नड चित्रपटांपैकी एकासाठी त्रिवेणींची ‘बेळ्ळिमोड’ ही कादंबरी घेतली. नावाचा अर्थ रुपेरी ढग. चित्रपट १९६७मध्ये आला. चिक्कमगळूरच्या डोंगरातला कॉफीचा मळा, मळेवाल्याची एकुलती एक मुलगी इंदिरा आणि तिच्या वडिलांच्या पैशावर परदेशी शिकायला गेलेला होणारा नवरा. मध्येच इंदिराला भाऊ होतो. मळ्याला वारस आला म्हटल्यावर परतलेल्या नवरदेवाचं मन उतरतं. पुढे त्यालाच अपघात होतो, इंदिरा त्याची शुश्रूषा करते आणि उपरती झालेला तो पुन्हा लग्नाचं विचारतो. प्रेक्षकांनी मनातल्या मनात अक्षता हातात घेतलेल्या असतात. इंदिरा नाही म्हणते. सेवा केली ती माणूस म्हणून, लग्नाचा विषय संपला. त्या काळात आपल्याकडची किती पडद्यावरची नायिका असं म्हणाली असती, हा विचार करून पाहावा.

या एका नकाराने कल्पनांना उभं केलं. राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. पुढे ‘हण्णेले चिगुरिदाग’ आणि ‘शरपंजर’ यांनाही तोच सन्मान लाभला. या तिन्ही चित्रपटांच्या मूळ कादंबऱ्या त्रिवेणींच्या. कल्पनांच्या नावावरचे हे तीन मोठे पुरस्कार अशा एका लेखिकेच्या नायिकांनी मिळवून दिले, जिने त्यांना या भूमिकांत कधी पाहिलंच नाही.

त्या काळी कन्नड सिनेमात ‘कादंबरी आधारित’ अशी एक जातच तयार झाली होती आणि तिच्यात बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांचा वाटा मोठा होता. कल्पनांचा ‘कप्पु बिळुपु’ त्रिवेणींच्या धाकट्या बहीण आर्यांबा पट्टाभि यांच्या कादंबरीवरचा. त्यांचाच ‘गेज्जे पूजे’ एम. के. इंदिरा या लेखिकेच्या कादंबरीवरचा. गेज्जे म्हणजे घुंगरू, आणि ही पूजा म्हणजे आपल्या भाषेत पायात चाळ बांधण्याआधीचा विधी. गणिकेच्या पोटी जन्मलेली चंद्रा शिकू पाहते, चारचौघींसारखा संसार करू पाहते आणि आजूबाजूचे सभ्य लोक तिला पुन्हा त्याच पूजेकडे ढकलतात.

पण कल्पना म्हटल्यावर कन्नड माणसाच्या डोळ्यांपुढे येते ती ‘शरपंजर’मधली कावेरी. शरपंजरी पडलेले भीष्म आपल्याला ठाऊक आहेत, इथे बाणांच्या पिंजऱ्यात गृहिणी आहे. बाळंतपणानंतर तिचं मन ढासळतं, लग्नाआधीची दडपलेली गोष्ट वर येते. इस्पितळातून ती बरी होऊन घरी येते. खरी गोष्ट सुरू होते ती इथून. घरी-दारी सगळे तिच्याकडे वेडी म्हणूनच पाहतात. ती मोठ्याने हसली तरी माणसं सावध होतात. नवरा तर दुसरीकडे गुंतलेला. शेवटी तिची वाट पुन्हा इस्पितळाकडेच वळते. कल्पनांचा अभिनय इथे चढा आहे. आवाज फाटतो, डोळे विस्फारतात, नकलाकारांना आयतं साहित्य मिळतं. मला मात्र त्याआधीची कावेरी जास्त आवडते, आपण बऱ्या आहोत हे पटवून देण्यासाठी जपून बोलणारी.

मराठी वाचकासाठी एक धागा इथेच सापडतो. ‘बेळ्ळिमोड’ आणि ‘शरपंजर’ या दोन्हींत द. रा. बेंद्रे यांच्या कविता विजयभास्कर यांच्या संगीतात आल्या आहेत. बेंद्रे म्हणजे घरात मराठी बोलणारे, सोलापूरच्या कॉलेजात कन्नड शिकवलेले धारवाडचे कवी.

‘शरपंजर’ही पुट्टण्णांचाच. त्यानंतर मात्र पुट्टण्णा आणि कल्पना यांचं बिनसलं. पुट्टण्णांना पुढे आरतींच्या रूपात दुसरी नायिका मिळाली. कल्पनांना दुसरे पुट्टण्णा मिळाले नाहीत. कन्नड सिनेमाचे नायक राजकुमार यांच्याबरोबर ‘गंधद गुडि’ आणि ‘एरडु कनसु’ हे गाजलेले चित्रपट झाले. ‘एरडु कनसु’ही वाणी या लेखिकेच्या कादंबरीवरचाच. ‘बयलु दारि’त तरुण अनंत नाग त्यांच्यासोबत होते. मग कामं आटत गेली.

तेव्हा त्यांनी नाटक धरलं, गुडगेरी बसवराज यांच्या कंपनीबरोबर. उत्तर कर्नाटकातल्या कंपन्यांचं गणित आपल्या जुन्या संगीत मंडळ्यांसारखंच. हा मुलूख एकेकाळी दोन्ही भाषांच्या मंडळ्यांनी तुडवलेला. अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूरही बेळगाव जिल्ह्यातच. कंपनीने गावात तळ ठोकायचा, त्याला ‘कँप’ म्हणायचं, आणि गल्ला आटला की पुढचं गाव धरायचं. सिनेमातली नटी प्रत्यक्ष दिसणार म्हटल्यावर तिकिटं खपायची. ‘मिनुगु तारे’, लुकलुकणारी तारका, असं जिचं नाव पडलं होतं ती नटी आता रंगमंचावर उभी राहून, अगदी मागच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलत होती. गोटूरच्या विश्रामगृहातला मुक्काम त्या नाटकाच्या दौऱ्यातला.