प्रादेशिक धूसरता नियमन

राष्ट्रीय उद्याने व राखीव अरण्यक्षेत्रे यांतून दिसणारा दूरचा देखावा मानवनिर्मित प्रदूषणाने धूसर होऊ नये, यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उभारलेली कायदेशीर व तांत्रिक व्यवस्था. प्रदूषणाचे बहुतेक कायदे माणसाच्या आरोग्याला केंद्रस्थानी ठेवतात. येथे मात्र संरक्षण द्यायचे आहे ते दृश्यमानतेला, आणि हेच या व्यवस्थेचे वेगळेपण आहे. १९७७ साली स्वच्छ हवा कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा क्षेत्रांतील दृश्यमानतेची झालेली हानी भरून काढणे आणि पुढील हानी टाळणे हे राष्ट्रीय उद्दिष्ट ठरवले. ६,००० एकरांहून मोठी राष्ट्रीय उद्याने आणि ५,००० एकरांहून मोठी अरण्यक्षेत्रे त्यात प्रामुख्याने येतात. अशी १५६ क्षेत्रे आज या संरक्षणाखाली आहेत.

धूसरतेचे मुख्य कारण म्हणजे हवेत तरंगणारे, एक मायक्रॉनहून लहान कण. दगडी कोळसा जाळणाऱ्या औष्णिक केंद्रांतून सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो तेव्हा तो डोळ्यांना दिसत नाही. वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जाताना त्याचे सल्फेट कणांत रूपांतर होते, दमट हवेत हे कण पाणी शोषून फुगतात आणि प्रकाश अधिक विखुरतात. त्यामुळे चिमणी एका राज्यात आणि धूसर झालेला डोंगर दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती नेहमीची आहे. हवा मुळात जितकी स्वच्छ, तितका थोड्याशा सल्फेटचाही परिणाम ठळक होतो, म्हणून दुर्गम उद्यानेच या प्रदूषणाला सर्वाधिक संवेदनशील ठरतात. मोजमापासाठी वापरले जाणारे ‘डेसिव्ह्यू’ हे एकक याच तत्त्वावर बेतले आहे. केवळ वायुरेणूंमुळे प्रकाश विखुरणाऱ्या निर्मळ हवेला त्यात शून्य धरतात, आणि प्रकाशक्षयात, म्हणजे हवेतून जाताना विखुरणे व शोषण यांमुळे प्रकाशात होणाऱ्या घटीत, सुमारे १० टक्के फरक पडला की आकडा एकाने बदलतो. प्रत्यक्ष नमुने १९८५ पासून उभारलेल्या निरीक्षण जाळ्यातून मिळतात. दर तिसऱ्या दिवशी चोवीस तास टेफ्लॉन, नायलॉन व क्वार्ट्झ यांच्या गाळण्यांतून हवा ओढली जाते आणि त्यांवर साचलेल्या सल्फेट, नायट्रेट, कार्बन व धूळ यांचा वाटा वेगवेगळा काढला जातो.

खरी अडचण दोष नेमका कोणत्या चिमणीचा हे सिद्ध करण्याची असते. ॲरिझोनातील पेज गावाजवळच्या २,२५० मेगावॉट क्षमतेच्या नावाहो वीज केंद्राचे प्रकरण याचे उत्तम उदाहरण होय. हिवाळ्यात ग्रँड कॅन्यनच्या दरीत साचणाऱ्या धूसरतेला हे केंद्र किती जबाबदार आहे, हे पाहण्यासाठी १९८७ च्या आरंभी त्याच्या धुरात जड हायड्रोजनयुक्त मिथेन मिसळण्यात आला. निसर्गात तो जवळपास आढळत नसल्याने दरीत सापडलेला अंश याच केंद्राचा, असे म्हणता येत होते. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने १९९० मध्ये या प्रयोगाची छाननी करून, काही वेळा केंद्राचा वाटा लक्षणीय असल्याचे मान्य केले. नेमके प्रमाण मात्र सिद्ध होत नाही, असेही तिने नोंदवले. वाद अधिक अवघड होण्याचे कारण असे की, केंद्रात सुमारे २४ टक्के हिस्सा खुद्द संघ सरकारच्या जलविकास विभागाचा होता आणि तेथील वीज कोलोरॅडो नदीचे पाणी मध्य ॲरिझोनाकडे उपसण्यासाठी लागत असे. अखेर १९९१ मध्ये वाटाघाटींतून सल्फर डायऑक्साइड वार्षिक सरासरीने ९० टक्के घटवण्याचे ठरले. धूर धुणारी संयंत्रे १९९७ ते १९९९ या काळात बसली. पुढे २०१९ मध्ये हे केंद्रच बंद झाले, तेही मुख्यतः स्वस्त नैसर्गिक वायूपुढे कोळसा टिकेना म्हणून.

एकेका चिमणीमागे असा खटाटोप करणे परवडणारे नाही, हे ओळखून पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये प्रादेशिक धूसरता नियम जारी केला. त्यानुसार उद्यान असो वा नसो, प्रत्येक राज्याने आपल्या उत्सर्जनाचा शेजारच्या क्षेत्रांवरील परिणाम तपासून ठरावीक मुदतीने आराखडा द्यायचा असतो. २०६४ पर्यंत नैसर्गिक दृश्यमानता परत आणणे हा त्याचा पल्ला आहे. १९६२ ते १९७७ या काळात सुरू झालेल्या, २६ उद्योगप्रकारांतील मोठ्या जुन्या कारखान्यांना उपलब्ध उत्तम नियंत्रण-तंत्र बसवण्याची अट घालण्यात आली. खर्च, संयंत्राचे उरलेले आयुष्य आणि अपेक्षित सुधारणा यांचा मेळ घालून हे तंत्र ठरत असल्याने न्यायालयीन लढाया बहुधा याच मुद्द्यावर झाल्या.

पश्चिमेकडील क्षेत्रांत सरासरी दृश्य-अंतर २००० मधील सुमारे १४५ किलोमीटरवरून २०१५ पर्यंत १९० किलोमीटरच्या घरात गेले. वणव्यांचा धूर मात्र आकडे बिघडवू लागला, तेव्हा २०१७ च्या सुधारणेने सर्वाधिक धूसर दिवसांऐवजी मानवी प्रदूषणाने सर्वाधिक बाधित दिवस मोजण्याची पद्धत स्वीकारली. हा बदल तर्काला धरून असला तरी, पर्यटकाला दिसणारी धूसरता आणि कागदावरची धूसरता यांत त्याने अंतर पाडले आहे.

भारतात २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांनी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५० ऐवजी २० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. दृश्यमानतेचे माप त्या मानकांत नाही.