तेलाचं बोट आणि रेशीमकिडा

रेशीमकिडा तळहातावर घेऊन आडवा धरला की प्रत्येक कुशीवर नऊ काळे ठिपके दिसतात. भिंगही लागत नाही. तुतीचा पाला घालून या अळ्या पोसणाऱ्यांनी ते हजारो वर्षं पाहिले. पण कीटक श्वास घेतच नाहीत, असं अॅरिस्टॉटलने सांगून ठेवलं होतं आणि त्याचं म्हणणं मोडायला बराच काळ जावा लागला.

बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिघीने अळी चिरली तेव्हा प्रत्येक ठिपक्यापासून आत चांदीसारख्या चकाकणाऱ्या नळ्यांचं जाळं पसरलेलं दिसलं. चकाकी होती आतल्या हवेची. मग त्याने ठिपक्यांवर तेल लावलं. अळी गुदमरून मेली. म्हणजे ते ठिपके श्वासाची छिद्रं होती. हे सगळं १६६९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापलं. गंमत म्हणजे बेडकाच्या फुफ्फुसातल्या केशवाहिन्या शोधणाराही हाच. इथे मात्र त्याच्यासमोर असा प्राणी होता, ज्याच्यात प्राणवायू पोचवायचं काम रक्ताकडे जवळजवळ नसतंच. नळ्या थेट पेशींच्या दारात जातात.

एकपेशीय जीवांबाबत मात्र श्वासाचा अवयव शोधायची हीच सवय नडली. इटलीचा निसर्ग-अभ्यासक स्पाल्लान्झानी याला पॅरामेशियम या एकपेशीय जीवामध्ये ठराविक वेळाने फुगणारी आणि आकसणारी पिशवी दिसली. १७७६ मध्ये त्याने तिला श्वसनाचा अवयव म्हटलं. चूक समजण्यासारखी आहे, कारण ती खरोखर श्वासासारखीच हलते. प्रत्यक्षात ती संकोचशील रिक्तिका, आत शिरलेलं जास्तीचं पाणी उपसणारी. प्राणवायू तर पेशीच्या पटलातून आपोआप आत झिरपतो. त्यासाठी वेगळा अवयव शोधायचीच गरज नव्हती.

पण झिरपणं, म्हणजे विसरण, किती अंतरापर्यंत पुरतं? अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट लागतो, म्हणून अमीबाला जे जमतं ते अळीला शरीरातल्या पाण्यातून जमणार नाही. हवेतून मात्र प्राणवायू पाण्यापेक्षा सुमारे दहा हजार पट वेगाने पसरतो. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोगने एका मोठ्या सुरवंटाच्या नळ्यांची मापं घेऊन १९२० मध्ये हिशेब मांडला, तर विसरण पुरेसं ठरलं. दहा वर्षांनी ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ विगल्सवर्थने दाखवलं की नळ्यांच्या टोकांशी द्रव असतो. स्नायू राबू लागले की तो मागे सरतो आणि हवा आणखी आत जाते.

२००३ साली शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत प्रखर क्ष-किरणांखाली जिवंत भुंगेरे, रातकिडे आणि मुंग्या ठेवल्या, तेव्हा डोक्यातल्या आणि छातीतल्या नळ्या भाता चालवावा तशा भराभर आवळताना आणि फुलताना दिसल्या. म्हणजे सगळं काम विसरणावरच नव्हतं.