धुक्यात पडलेले विमान कोणाच्या खात्यात?

युद्धाच्या बातम्या इंग्रजीतून मराठीत आणताना एक चूक इतक्या नियमितपणे होते, की आता ती चूक म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘कॅज्युअल्टी’ या शब्दाचे भाषांतर सरसकट ‘ठार’ असे केले जाते आणि पन्नास हजारांचा आकडा वाचून वाचक पन्नास हजार चितांची कल्पना करतो. प्रत्यक्षात लष्करी हिशेबात या शब्दाखाली मृत, जखमी, बेपत्ता आणि युद्धकैदी असे सगळेच येतात, कारण मुळात हा हिशेब शोकासाठी नसून हजेरीपटासाठी आहे : उद्या सकाळी किती माणसे कामावर उभी राहणार नाहीत, एवढेच सेनापतीला त्यातून जाणून घ्यायचे असते. आपल्याकडे ‘हताहत’ हा नेमका शब्द आहे. त्यात हतही आहेत आणि आहतही आहेत; पण तो हिंदी वाटतो म्हणून असेल, मराठी बातमीदार त्याच्या वाटेला जात नाहीत.

या चुकीपेक्षा अधिक खोल असलेला दुसरा प्रश्न मात्र भाषांतराने सुटत नाही. युद्धात मेलेला प्रत्येक जण शत्रूच्या हातून मरतो का? १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे ३८३ सैनिक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी १४८ लढाईत गेले आणि उरलेले २३५ अपघात, आजार आदी कारणांनी. व्हिएतनामच्या ५८,२२० मृतांमध्येही सुमारे ९,१०० जण केवळ अपघातांत गेले आहेत. पायदळात हे दोन रकाने निदान कागदावर तरी वेगळे ठेवता येतात. हवाई दलात ते एकमेकांत मिसळतात, कारण विमानाला पाडण्यासाठी शत्रू लागतोच असे नाही. गुरुत्वाकर्षण, धुके आणि संपत आलेले इंधन पुरेसे असते.

याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण १६ डिसेंबर १९४३ च्या रात्रीचे आहे. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडने त्या संध्याकाळी ४८३ लँकेस्टर विमाने बर्लिनवर धाडली. त्यांपैकी २५ विमाने परतलीच नाहीत. बाकीची इंग्लंडवर पोहोचली, तेव्हा पूर्व इंग्लंडचे बरेचसे विमानतळ धुक्याने आणि अगदी खाली उतरलेल्या ढगांनी झाकले गेले होते. वैमानिकाजवळचा उंचीमापक हा मुळात हवेचा दाब मोजणारा वायुभारमापक असतो. तो पायाखालच्या जमिनीपासूनची उंची दाखवत नाही, तर आधी लावून ठेवलेल्या एका दाबापासूनची उंची दाखवतो. जमिनीजवळ दाब एका हेक्टोपास्कलने बदलला तर सुमारे आठ मीटरचा फरक पडतो. आठ तास उडून थकलेल्या वैमानिकाला ढगाखालची धावपट्टी शोधण्यासाठी जेवढी जागा उरली होती, ती या यंत्राच्या चुकीएवढीच होती. त्या रात्री परतीच्या वाटेवर इंग्लंडमध्ये आणखी २९ लँकेस्टर कोसळली किंवा त्यांतील माणसांनी हवाई छत्रीने उड्या मारून ती सोडून दिली. केंब्रिजजवळच्या बोर्न तळावरच्या ९७ व्या स्क्वाड्रनने शत्रूच्या प्रदेशात एक विमान गमावले आणि धुक्यात सात.

धुके पेट्रोल जाळून हटवण्याची सोय तेव्हा नुकतीच काही मोजक्या तळांवर झाली होती. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना नळ्यांमधून इंधन पेटवायचे, म्हणजे हवा तापते, तिची बाष्प सामावून घेण्याची क्षमता वाढते आणि धुक्याचे थेंब विरून जातात. योजना अचाट खर्चिक असली तरी भौतिकशास्त्र निर्दोष होते. मात्र डिसेंबरच्या त्या रात्री अशा तळांची संख्या फार थोडी होती.

आता हिशेब पाहा. दुसऱ्या दिवशी या हल्ल्यातील हानी मोजली गेली ती २५ विमाने, म्हणजे ५.२ टक्के. इंग्लंडच्या शेतांत पडलेली २९ विमाने ‘परत न आलेली’ नव्हती, कारण ती परत आली होती. त्यांची नोंद वेगळ्या रकान्यात झाली. दोन्ही रकाने एकत्र केले तर हानी ५४ विमानांची, म्हणजे ११.२ टक्के होते. वाचक म्हणेल, पाच काय आणि अकरा काय, दोन्ही लहानच आकडे आहेत. येथेच माझ्या आवडीचे गणित सुरू होते आणि ते सावकाश मांडल्याशिवाय मला पुढे जाववणार नाही.

बॉम्बर कमांडमधील माणसाला एका पाळीत साधारण तीस मोहिमा कराव्या लागत. त्या पूर्ण झाल्या की त्याला काही काळ प्रशिक्षणाच्या कामावर पाठवत. प्रत्येक मोहिमेत विमान गमावण्याची शक्यता ५ टक्के असेल, तर तीस मोहिमांत ती किती? पुष्कळ सुशिक्षित माणसे येथे बेरीज करतात आणि १५० टक्के असे उत्तर काढून गोंधळतात. शक्यतांची अशी बेरीज होत नाही. गुणाकार होतो, आणि तोही मरण्याच्या शक्यतांचा नव्हे, तर वाचण्याच्या शक्यतांचा. पहिल्या मोहिमेतून शंभरांपैकी ९५ परततात, दुसऱ्या मोहिमेला ते ९५ च निघतात आणि त्यांतले ९५ टक्के परततात, म्हणजे सुमारे ९०. प्रत्येक वेळी उरलेल्यांना ०.९५ ने गुणत गेलो, की तिसाव्या मोहिमेनंतर शंभरांपैकी २१ उरतात. हे चक्रवाढ व्याजच आहे, फक्त सावकार उलट्या दिशेने बसला आहे.

हाच गुणाकार ५.२ टक्के हानी धरून केला तर तीस मोहिमांनंतर शंभरांतले २० उरतात; ११.२ टक्के धरून केला तर तीनसुद्धा उरत नाहीत. रोजची रात्र त्या रात्रीसारखी नव्हती, हे खरेच. संपूर्ण युद्धातील ३,६४,५१४ उड्डाणांत ८,३२५ विमाने गमावली गेली, म्हणजे दर उड्डाणामागे सरासरी २.२८ टक्के, आणि या सरासरीने तीस मोहिमांचा गुणाकार केला तर उत्तर जवळजवळ नेमके निम्मे येते. धुक्याचा रकाना आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, हा कारकुनी प्रश्न वाटतो. पण तो एका टक्क्याने जरी हानी वाढवत असेल, तरी तिसाव्या घातापर्यंत पोहोचताना त्याचा पार डोंगर होतो.

जाता जाता एक गोष्ट. या विमानांतील माणसे सोबत ताईत, बाहुल्या, मैत्रिणीचे रुमाल बाळगत, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांचा त्यांवर ठाम विश्वास बसला होता. शंभर जण शंभर बाहुल्या घेऊन गेले आणि वीस परतले, तर वीस बाहुल्या ‘लाभदायक’ ठरतात. उरलेल्या ऐंशी बाहुल्यांची साक्ष नोंदवायला कोणी उरलेले नसते. २०१९ च्या दसऱ्याला फ्रान्समध्ये राफेलच्या चाकांखाली लिंबे ठेवण्यात आली, त्या वेळी आपल्याकडे झालेल्या वादात दोन्ही बाजू परंपरा आणि अस्मिता यांवरच बोलत राहिल्या. लिंबांविना निघालेल्या विमानांचे काय झाले, हा तुलनेचा साधा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

आता मघाच्या गणितातली एक फट. आपण सर्वांना एकच शक्यता लावली, पण सगळी पथके सारखी नसतात. समजा, निम्म्या पथकांची हानी २ टक्के आहे आणि निम्म्यांची ८ टक्के, म्हणजे सुरुवातीची सरासरी ५ च. तीस मोहिमांनंतर पहिल्या गटातले ५५ टक्के उरतात, दुसऱ्यातले ८ टक्के आणि एकूण सुमारे ३१ टक्के. म्हणजे सरासरी तीच असून २१ ऐवजी ३१ जण वाचले. शिवाय विसाव्या मोहिमेनंतर उरलेल्यांत पहिल्या गटाचीच बहुसंख्या असल्यामुळे त्या सर्वांची सरासरी हानी ५ वरून ३.३ टक्क्यांवर आलेली दिसेल. या काळात कोणीही काहीही शिकलेले नाही. दुबळे गळून गेले इतकेच. तरीही तक्ता पाहणारा अधिकारी म्हणेल, अनुभवाने माणूस सुरक्षित होतो.

बॉम्बर कमांडची अधिकृत समजूत हीच होती. १९४३ च्या जुलैत वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिच्या संशोधन विभागात रुजू झालेल्या फ्रीमन डायसनने, जो पुढे भौतिकशास्त्रज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाला, नंतरच्या काळातील आकडे तपासले तेव्हा त्याला अनुभव आणि बचाव यांचा संबंधच सापडला नाही. वरचे गणित ध्यानात ठेवले तर हा निष्कर्ष किती विचित्र आहे ते कळते, कारण काही न शिकताही तक्त्यात थोडी सुधारणा दिसायला हवी होती. ती दिसत नाही, याचा अर्थ मृत्यू हुशार आणि अडाणी यांत भेदच करत नव्हता. जर्मन रात्रलढाऊ विमाने तिरप्या रोखलेल्या तोफा बसवून बॉम्बफेकी विमानांच्या पोटाखालून मारा करू लागली होती, जिकडे लँकेस्टरमधल्या कोणाचेही डोळे नव्हते.

त्याच विभागापुढे अपघात आणि शत्रू यांची गाठ सोडवण्याचा आणखी एक प्रश्न आला होता. काळोखात शेकडो विमाने एका अरुंद प्रवाहातून नेली तर ती आपसांत किती आदळतील? जर्मनीच्या आकाशात एकमेकांवर आदळून पडलेल्या दोन विमानांची नोंद ‘बेपत्ता’ अशीच होणार आणि ती शत्रूच्या खात्यावर जमा होणार. म्हणून या मंडळींनी टक्कर होऊनही घरी परतलेल्या विमानांपासून सुरुवात केली आणि न परतलेल्या टकरींचा अंदाज बांधला. दिसणाऱ्या घटनांवरून न दिसणाऱ्यांकडे जाण्याची ही रीत मला आजही मोहवते.

पण विमान गेले म्हणजे माणूस गेला असेही नाही. पडलेल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांतून सुमारे निम्मी माणसे जिवंत सुटत, हॅलिफॅक्स या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानातून चौथा हिस्सा, लँकेस्टरमधून जेमतेम १५ टक्के. एक मोठे कारण बाहेर पडण्याच्या झडपेची रुंदी हे होते : हॅलिफॅक्समध्ये २४ इंच, लँकेस्टरमध्ये २२. जाड कपडे आणि हवाई छत्री घातलेल्या माणसाला अंधारात दोन इंच म्हणजे किती, हे ‘गमावलेली विमाने’ मोजणाऱ्या तक्त्यात कधीच दिसले नसते. तिथे छेदस्थानी उड्डाणे होती, माणसे नव्हती.

बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० विमानकर्मींपैकी मृतांचा प्रचलित आकडा ५५,५७३ आहे. त्यांतील आठ हजारांहून अधिक जण प्रशिक्षणात किंवा इतर अपघातांत मरण पावले. जखमींची फोड तर थक्क करणारी आहे : मोहिमांवरून परतलेल्या विमानांतील जखमी ४,२०० आणि अपघातांतील ४,२०३. इंग्लंडमधील लिंकन येथील स्मारकाच्या भिंतींवर मात्र जवळपास ५८,००० नावे आहेत, कारण तेथे जमिनीवरचे कर्मचारी आणि इतरही जमेस धरले आहेत. पानिपतानंतर आलेल्या सांकेतिक पत्रात मोती आणि मोहरा मोजल्या गेल्या होत्या, खुर्द्याची मात्र गणना नव्हती, ते येथे आठवते.

आपल्याकडचे आकडेही याच नजरेने वाचावेत. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले, की खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत नष्ट झाली आणि १७१ वैमानिक, ३९ नागरिक मरण पावले. या आकड्यावरून ‘उडत्या शवपेट्या’ हे नाव अधिकच रूढ झाले. त्यात छेद कोठे आहे? कित्येक दशकांतली लाखो तासांची उड्डाणे विचारात न घेता विमानांची टक्केवारी काढणे म्हणजे एसटी आणि घरासमोर उभी असलेली मोटार यांच्या अपघातांची तुलना करणे होय. हवाई दल स्वतः दर १०,००० उड्डाणतासांमागे अपघात मोजते. संसदीय समितीपुढे ठेवलेल्या माहितीनुसार हे प्रमाण २०००-०५ मध्ये ०.९३ होते, ते २०२०-२४ मध्ये ०.२० वर आले. अमेरिकेत हाच दर १,००,००० तासांमागे देतात, त्यामुळे दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी दहाने गुणायचे राहून जाते आणि समाजमाध्यमांवर विजयोत्सव साजरे होतात.

रकान्याला पैशाचीही किंमत असते. ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी आदेशात सैनिकाच्या मृत्यूचे ए ते ई असे पाच वर्ग आहेत. कर्तव्यावरील हवाई प्रवासातला अपघात ‘सी’ मध्ये येतो. शत्रूच्या कारवाईतला मृत्यू ‘ई’ मध्ये येतो, पण युद्धयोजनांच्या सरावासाठीची उड्डाणेही ‘ई’ मध्येच आहेत. ‘सी’ मधील कुटुंबाला वेतनाच्या ६० टक्के निवृत्तिवेतन मिळते, ‘ई’ मधील कुटुंबाला पूर्ण वेतनाइतके.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. पहिल्या बातम्यांत तो अपघात होता. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला हवाई दलप्रमुखांनी ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडल्याचे आणि ती मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. आत हवाई दलाचे सहा जण होते, त्यांत नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडर होते. सातवा मृत्यू खाली जमिनीवर असलेल्या एका स्थानिक नागरिकाचा झाला. ए ते ई हे पाचही वर्ग सैनिकांसाठी असल्यामुळे त्याची नोंद त्यांपैकी कोणत्याच रकान्यात नाही.