नियंत्रण मर्यादांसाठी सिग्मा कुठला घ्यायचा?

कंट्रोल चार्ट, म्हणजे प्रक्रियेत काही बिघडलंय का हे मापांवरून दाखवणारा नियंत्रण तक्ता, काढायचा म्हटलं की अनेक जण सगळी मापं एक्सेलमध्ये भरतात, त्यांचं प्रमाण विचलन (म्हणजे सिग्मा: मापं सरासरीभोवती किती विखुरली आहेत ते) काढतात, त्याची तिप्पट करतात आणि सरासरीच्या वर-खाली दोन रेषा ओढतात. याच नियंत्रण मर्यादा; यांच्याबाहेर गेलेला बिंदू म्हणजे बिघाडाचा इशारा. ही रीत चुकीची आहे. आकडे मांडून पाहिलं की चूक किती मोठी आहे ते दिसतं.

समजा दहा मापांपैकी नऊ नेमकी 50 आली आणि शेवटचं 150. काहीतरी बिघडलंय हे शेंबडं पोरही सांगेल. आता गणित करा. सरासरी 60, प्रमाण विचलन 31.6, म्हणजे वरची मर्यादा जवळजवळ 155. दीडशेचा बिंदू सुखरूप आत! 150 च्या जागी दहा लाख घातले तरी तो आतच राहील, कारण दहा मापांत कुठलंही माप सरासरीपासून 2.85 प्रमाण विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही. बिघाड स्वतःच प्रमाण विचलन फुगवतो आणि त्याच फुगलेल्या मर्यादांच्या आड लपतो. कुंपणानेच शेत खाल्लं.

1924 साली नियंत्रण तक्ता मांडणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांच्या पद्धतीचं मर्म इथेच आहे. प्रक्रियेची नेहमीची चलबिचल मोजायची ती थोड्या अवधीत, एकसारख्या परिस्थितीत घेतलेल्या मापांमधून. मापं एकेकटी येत असतील तर लागोपाठच्या दोन मापांतले फरक घ्यायचे आणि त्यांची सरासरी काढायची. नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वितरणातून घेतलेल्या दोन मापांतला फरक सरासरीने 1.128 सिग्मा असतो. म्हणून त्या सरासरीला 1.128 ने भागलं की सिग्मा मिळतो. मापं पाच-पाचच्या छोट्या गटांनी (उपगटांनी) घेतली असतील तर प्रत्येक गटातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापातला फरक घेऊन त्यांच्या सरासरीला 2.326 ने भागायचं.

वरच्या उदाहरणात नऊ फरकांपैकी आठ शून्य, एक 100. सरासरी 11.1, सिग्मा 9.85, वरची मर्यादा सुमारे 89.6. दीडशे थेट बाहेर. एका मोठ्या उडीने नऊपैकी एकच फरक बिघडतो, म्हणून ही पद्धत तग धरते.

‘मापं नॉर्मल नसतील तर चार्ट निरुपयोगी’ हा समज मात्र सोडून द्यावा. तीन सिग्मा ही शूहार्ट यांनी व्यवहारात परवडणारी म्हणून निवडलेली मर्यादा आहे.

जपायचं ते मापांमधल्या अंतराला. हळूहळू बदलणाऱ्या तापमानाच्या नोंदी दर सेकंदाला घेतल्या, तर शेजारचे आकडे जवळजवळ सारखेच येतात, सिग्मा फार लहान निघतो आणि तक्ता विनाकारण धोक्याचे इशारे देत सुटतो.