किंकाळी, कपाट आणि तळघर

'किंग काँग'चं (१९३३) चित्रीकरण आटोपल्यावर नायिका फे रे हिला पुन्हा ध्वनिमुद्रणासाठी बोलावलं गेलं, ते फक्त किंचाळायला. भयपटातल्या बाईचं काम तेव्हा जवळजवळ तेवढंच होतं. राक्षस बघायचा, किंकाळी फोडायची, शुद्ध हरपायची. उचलून न्यायला राक्षस, सोडवायला नायक.

दुसरी वाट होती बाईनेच राक्षस होण्याची. 'कॅट पीपल'मधली (१९४२) इरेना स्वतःलाच घाबरते. नवरा जवळ आला तर आपल्यातलं श्वापद जागं होईल, ही तिची धास्ती. पुढे 'द एक्सॉर्सिस्ट' (१९७३) आणि 'कॅरी'त (१९७६) वयात येणारी मुलगीच भीतीचं कारण झाली. 'कॅरी'ची गोष्ट तर शाळेच्या न्हाणीघरात, पहिल्या पाळीच्या रक्तापासूनच सुरू होते. अभ्यासक बार्बरा क्रीड यांनी १९९३ च्या पुस्तकात नेमका हाच धागा पकडला: पडद्यावरची बाई जितकी भेदरते तितकीच भेदरवतेही, आणि त्यामागे बहुतेक वेळा तिचं शरीर किंवा तिचं आईपण असतं.

मधे येतो 'सायको' (१९६०). शॉवरखालचा खून मिनिटभरही चालत नाही, पण त्या प्रसंगाच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं. चित्रपट कृष्णधवल, त्यामुळे खपून गेलं. सिनेमा निम्माही झालेला नसताना जिला आपण नायिका समजत होतो ती मरते. खुनी तरुण मुलगा, पण खापर फुटतं त्याच्या मेलेल्या आईवर!

त्या शॉवरखालच्या जॅनेट लीची मुलगी जेमी ली कर्टिस 'हॅलोविन'ची (१९७८) नायिका लॉरी झाली, आणि माझ्या मते खरा सांधा इथेच बदलला. सुरुवातीचा लांबलचक शॉट आपण खुन्याच्या डोळ्यांनी बघतो, मुखवट्याच्या दोन भोकांतून. शेवटाकडे मात्र कॅमेरा लॉरीबरोबर कपाटात बसलेला असतो. बाहेरून दाराच्या पट्ट्या तुटतायत, वर दिवा हेलकावतोय, आणि ती कपडे टांगायचा तारेचा हँगर सरळ करतेय. तेच टोक ती त्याच्या डोळ्यात खुपसते, त्याच्या हातून पडलेला सुरा उचलते आणि त्यालाच भोसकते. एवढं करूनही अखेर पिस्तूल घेऊन धावून येतो तो डॉक्टर, पुरुषच. या चित्रपटाच्या सहलेखिका आणि निर्मात्या होत्या डेब्रा हिल. मुलींचे आपसातले संवाद बरेचसे त्यांचेच, आणि ते ऐकताना कळतं.

कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ च्या निबंधात अशा मुलीला 'फायनल गर्ल' म्हटलं. सगळे मेल्यावर उरणारी, सावध, मैत्रिणींपेक्षा सोवळी. हे नाव आज कौतुकाने घेतलं जातं, पण क्लोव्हर यांचा सूर तसा नव्हता. त्यांच्या मते थिएटरात बसलेली तरुण पोरं या मुलीच्या आडून आपलीच भीती भोगून घेतात; ती त्यांची बदली खेळाडू.

'एलियन'मधल्या (१९७९) रिप्लीला सोडवायला कुणीच येत नाही. पटकथेत कुठलं पात्र बाई आणि कुठलं पुरुष हे ठरवलेलंच नव्हतं, हे तिच्या पथ्यावर पडलं. तरी शेवटी कॅमेरा तिला अंतर्वस्त्रांत गाठतोच.

१९८२ चा 'स्लंबर पार्टी मॅसेकर' रीटा मे ब्राउन यांनी या साच्याची टिंगल म्हणून लिहिला होता आणि दिग्दर्शिका होत्या एमी होल्डन जोन्स. पडद्यावर आला तो मात्र बराचसा नेहमीच्याच साच्यातला. बायकांच्या हाती कॅमेरा आला की नजर आपोआप बदलते, असं नाही.

जेनिफर केंट यांच्या 'द बाबाडूक'मध्ये (२०१४) मात्र ती बदललेली दिसते. अमेलिया विधवा आहे, अनेक रात्रींची जागी, पोटच्या पोराला वैतागलेली. घाबरते तीच आणि घाबरवतेही तीच. घरात शिरलेला राक्षस, बाबाडूक, मरत नाही; तळघरात राहतो. शेवटी मायलेक बागेत गांडुळं गोळा करतात, आणि तो वाडगा घेऊन ती एकटीच तळघराच्या पायऱ्या उतरते, त्याला खायला घालायला.